शून्याची नोंद

मुंगी हा जीव आपल्याकडे मोठ्या आदराचा मानला गेला आहे. उन्हाळ्याच्या दुपारी अंगणातून चाललेली मुंग्यांची रांग दाखवून घरातील वडीलधारी माणसे मुलांना सांगतात, "पाहा, एवढासा जीव, पण क्षणभर स्वस्थ बसत नाही." लाडवांच्या डब्याला मुंग्या लागल्या म्हणजे आजी थोडी रागावते खरी, पण तीही मुंग्यांना मारीत नाही. पाण्याने भरलेल्या परातीत डबा ठेवून ती त्यांची वाट तेवढी अडविते. वारुळापाशी चिमूटभर साखर ठेवणारी माणसे तर गावोगाव आढळतात. उद्योग, शिस्त आणि एकजूट यांचे उदाहरण द्यावयाचे झाले, की सर्वांना प्रथम मुंगीच आठवते.

परंतु एका दूरच्या बेटावर मुंगीच्या याच गुणांमुळे हजारो पक्ष्यांचे संसार मोडू लागले होते. ते वाचविण्यासाठी काही माणसांना मुंगीहूनही अधिक उद्योगी व्हावे लागले. त्यांच्या उद्योगाची ही हकीकत आहे.

प्रशांत महासागरात हवाई बेटे आहेत. त्यांतील होनोलुलू या शहरापासून नैर्ऋत्य दिशेला सुमारे १३०० किलोमीटर अंतरावर जॉन्स्टन नावाचे एक प्रवाळबेट आहे. मुंबईहून दिल्लीला आगगाडीने जाताना जवळजवळ इतकेच अंतर तोडावे लागते. पण त्या वाटेवर गावे लागतात, नद्या लागतात, स्थानकांवर चहा मिळतो. जॉन्स्टनच्या वाटेवर पाण्याशिवाय काही नाही. दिवसच्या दिवस जहाज चालते आणि क्षितिजाची गोल रेघ जेथल्या तेथेच राहते.

हे बेट मुळात अगदी चिमुकले होते. त्याचा विस्तार अवघा १९ हेक्टर होता. तेथे गोड्या पाण्याचा झरा नव्हता, की माणसाची वस्ती नव्हती. वाळू, खुरटी झुडपे आणि समुद्रपक्षी एवढेच तेथील वैभव. १९२६ साली अमेरिकेच्या शासनाने हे बेट पक्ष्यांसाठी राखून ठेवले. पण पुढे दुसऱ्या महायुद्धाची चाहूल लागली आणि माणसाला या बेटाचा निराळाच उपयोग दिसू लागला. समुद्रतळातील प्रवाळ उकरून त्याची भर घालण्यात आली. धावपट्टी तयार झाली. इमारती उभ्या राहिल्या. कित्येक वर्षे ही भर पडत राहून १९ हेक्टरांचे बेट सुमारे २४० हेक्टरांचे झाले. १९५८ आणि १९६२ साली तेथून अग्निबाण उडवून उंच आकाशात अण्वस्त्रांच्या चाचण्या घेतल्या गेल्या. १९९० ते २००० या काळात विषारी वायूंची जुनी शस्त्रे तेथे आणून नष्ट करण्यात आली. अखेर २००४ साली सैन्य निघून गेले. मागे राहिली ती उन्हात तापणारी लांबलचक धावपट्टी, ओसाड रस्ते आणि अखंड वाहणारा वारा.

माणूस गेला आणि बेट पुन्हा पक्ष्यांचे झाले. जेथे वाहने धावत होती तेथे काळ्या-पांढऱ्या कुररी पक्ष्यांचे थवे उतरू लागले. झुडपांच्या शेंड्यांवर लाल पायांच्या बूबी पक्ष्यांनी काटक्यांची घरटी बांधली. शेकडो किलोमीटरपर्यंत दुसरी जमीन नसल्यामुळे त्या विशाल सागरावर विहरणाऱ्या असंख्य पक्ष्यांना अंडे घालण्यासाठी, पिलू वाढविण्यासाठी हाच काय तो आधार होता.

या पक्ष्यांत लाल शेपटीचा ट्रॉपिकबर्ड हा सर्वांत देखणा. त्याचे अंग शुभ्र असते. चोच लालभडक असते. आणि शेपटीतून दोन लांब, बारीक, तांबडी पिसे निघालेली असतात. आकाशात असताना त्याचा डौल पाहत राहावा असा. जोडीदाराला मोहविण्यासाठी तो वाऱ्याच्या आधाराने चक्क मागे मागे उडत वर्तुळे काढतो. परंतु हाच पक्षी जमिनीवर उतरला म्हणजे अगदी केविलवाणा होतो. त्याचे पाय शरीराच्या फार मागच्या बाजूस असल्यामुळे त्याला नीट उभेही राहता येत नाही. छाती जमिनीला टेकून, पायांनी अंग रेटीत तो कसाबसा झुडपाखाली सरकतो. तेथे मादी एकच अंडे घालते. सुमारे सहा आठवडे नर आणि मादी आळीपाळीने ते उबवितात. पिलू बाहेर आल्यावर त्याला उडता येईपर्यंत आणखी सुमारे तीन महिने लागतात. एवढा काळ ते पिलू एकाच जागी बसून असते आणि आईबाप दूर समुद्रावरून उडणारे मासे आणून त्याला भरवितात.

माणूस जवळ गेला तरी घरट्यावर बसलेला हा पक्षी सहसा उडून जात नाही. तो कर्कश ओरडतो, चोच मारतो. पण जागा सोडीत नाही. जमिनीवरचा शत्रू म्हणजे काय, हे त्याच्या पूर्वजांना ठाऊकच नव्हते. त्या बेटावर ना साप होता, ना मुंगूस, ना कोल्हा. ज्या भूमीवर भय नव्हते त्या भूमीवर निर्धास्त बसण्याचीच त्याला सवय जडली होती.

२०१० साली या निर्धास्तपणावर घाला आला. बेटाच्या एका मोठ्या भागात पिवळसर रंगाच्या, लांब पायांच्या मुंग्यांची दाट वस्ती झाल्याचे पाहणी करणाऱ्यांच्या लक्षात आले. ही मुंगी जेमतेम चार-पाच मिलिमीटर लांबीची असते. आपल्या देशातही ती आढळते. तिला डिवचले की ती सरळ रेषेत न चालता सैरावैरा, वेड्यासारखी धावत सुटते. म्हणून तिला ‘पिवळी वेडी मुंगी’ असे नाव पडले आहे. ही मुंगी मूळची या बेटावरील नव्हे. माणसाच्या जहाजांतून, त्याच्या सामानसुमानातूनच ती जगभर पसरली आहे.

या मुंगीला नांगी नाही. ती डंख करीत नाही. पण तिच्या शरीरातून फॉर्मिक आम्लाची अतिसूक्ष्म फवार निघते. एका मुंगीची फवार ती काय? परंतु ही मुंगी एकटी नसतेच. सामान्यतः दोन वारुळांतील मुंग्या एकमेकींशी लढतात आणि त्यामुळे त्यांच्या संख्येला आळा बसतो. वेड्या मुंगीच्या शेजारशेजारच्या वारुळांत मात्र वैर नसते. एकेका वारुळात अनेक राण्या असतात. वारुळास वारूळ जोडले जाते. आणि पाहता पाहता कित्येक हेक्टर भूमीवर एकच अफाट राज्य पसरते. अशा राज्याच्या मधोमध जो पक्षी अंड्यावर बसला असेल त्याच्या अंगावरून, पायांवरून, डोळ्यांभोवती सतत मुंग्या फिरू लागतात. आम्लाने त्याची कातडी भाजते आणि डोळे अधू होतात. पिलाला तर जागेवरून हलताही येत नाही. ज्या पक्ष्यांना उडता येत होते ते घरटी सोडून गेले. ज्या झुडपांखाली कालपर्यंत गजबज होती तेथे शुकशुकाट झाला.

प्रश्न असा होता, की करावे काय? संपूर्ण बेटावर विषारी औषध फवारले तर मुंग्यांबरोबर इतर जीवांचाही नाश व्हावयाचा. काहीच केले नाही तर मुंग्या पसरत जाणार. अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव खात्याने तिसरा मार्ग निवडला. तो सर्वांत लांबचा आणि सर्वांत कष्टाचा होता. बेटावर माणसे ठेवावयाची. त्यांनी पायी हिंडून मुंग्यांची हद्द शोधावयाची. जेथे मुंग्या असतील तेथेच आमिष टाकावयाचे. आणि शेवटची मुंगी नाहीशी होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासत राहावयाचे. या कामासाठी लहान लहान तुकड्या तयार झाल्या. प्रत्येक तुकडीत साधारणतः पाच-सहा माणसे असत आणि ती सुमारे सहा महिने बेटावर राहत. त्यांची मुदत संपली की दुसरी तुकडी येई.

ही माणसे कोणी मोठे शास्त्रज्ञ नव्हती. बहुतेक जण नुकतेच शिक्षण संपविलेले तरुण-तरुणी होते. पुष्कळ जण तर स्वयंसेवक होते. हंगामापुरते रानावनांत राहावे, पक्षी मोजावेत, रोपे लावावीत, नोंदी ठेवाव्यात आणि हंगाम संपला की दुसरीकडचे काम शोधावे, असे जीवन जगणारे कितीतरी सहायक जगभरच्या अभयारण्यांत असतात. त्यांची नावे ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर येत नाहीत. परंतु त्या ग्रंथांतील प्रत्येक आकडा प्रथम अशाच कोणाच्या तरी मळक्या वहीत उतरलेला असतो.

नवी तुकडी आली की ती उतरलेल्या जहाजातूनच जुनी तुकडी परत जावयाची. मधल्या थोड्याशा काळात जुन्यांनी नव्यांना सारे समजावून द्यावयाचे. विजेसाठी सूर्यप्रकाशावर चालणारी तावदाने कोठे आहेत, वाऱ्याने तंबू फाटू नये म्हणून दोर कसे बांधावेत, कोणत्या झुडपाखाली पाऊल जपून टाकावे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वही कशी भरावी. मग निरोप होई. जहाज हळूहळू लहान होत क्षितिजापलीकडे जाई. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या पाच-सहा जणांना त्या क्षणी कळून चुके, की आता सहा महिने आपणच एकमेकांचे शेजारी, आपणच एकमेकांचे वैद्य आणि आपणच एकमेकांचे आप्त. कोणाशी भांडण झाले तरी रागावून जावयाला दुसरे गाव नाही. मीठ संपले तर ते आणावयाला दुकान नाही.

काम सूर्योदयाबरोबर सुरू होई. प्रथम मुंग्यांना कोणते खाणे अधिक आवडते, याचा शोध घ्यावा लागला. या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात तयार नव्हते. मांजरांसाठी मिळणारे डबाबंद अन्न आणि मक्याचा गोड पाक एकत्र कालवून त्यात मंद विष मिसळून पाहिले. पुढे पाणी शोषून फुगणारे बारीक स्फटिक विषारी साखरपाण्यात भिजवून पाहिले. विष मंद असणे फार आवश्यक होते. ते तीव्र असते तर आमिष खाणारी मुंगी जागच्या जागी मेली असती आणि वारुळातील राण्या सुखरूप राहिल्या असत्या. राणी जिवंत असेपर्यंत नव्या मुंग्या जन्मास येतच राहणार. म्हणून विष इतके सौम्य हवे, की कामकरी मुंगीने ते वारुळात न्यावे, बहिणींना भरवावे, राणीलाही भरवावे आणि मग त्याचा परिणाम व्हावा. मुंगीची कर्तव्यनिष्ठा हेच तिच्याविरुद्धचे शस्त्र झाले.

ही योजना कागदावर सोपी दिसते. प्रत्यक्षात कडक उन्हात, आमिषाचे ओझे घेऊन, झुडपांच्या गचपणातून ओणव्याने सरकावे लागे. एका बाजूस पक्षी चोच मारण्यास टपलेला, दुसऱ्या बाजूस पिलू ओरडत असलेले. त्यांना धक्का लागू द्यावयाचा नाही आणि एखादा कोपराही सोडावयाचा नाही. काही दिवसांनी तपासणी करावी तर मुंग्यांची संख्या एकदम घटलेली दिसे. सर्वांना आनंद होई. परंतु थोडे दिवस गेले, की कोठल्या तरी झुडपाच्या मुळाशी, एखाद्या फुटक्या फरशीखाली राहिलेल्या राणीची प्रजा पुन्हा डोके वर काढी. शंभरांपैकी नव्याण्णव मुंग्या मारल्या म्हणजे काम नव्याण्णव हिश्श्यांनी संपले, असा हिशोब येथे लागू पडत नव्हता. एक राणी उरली तर सारे काम पहिल्यापासून आरंभावे लागे. अशी एक-दोन नव्हे, कित्येक वर्षे गेली. एका तुकडीने आरंभिलेले दुसरीने पुढे नेले, दुसरीचे तिसरीने.

अखेर डिसेंबर २०१७ नंतर मुंगी दिसेनाशी झाली. आणि खरे सांगावयाचे तर या मोहिमेचा सर्वांत अवघड भाग तेथूनच सुरू झाला.

मुंग्या दिसत होत्या तोपर्यंत कामाला चेव होता. शत्रू समोर असला म्हणजे थकवा जाणवत नाही. पण आता शोध घ्यावयाचा होता तो नसलेल्या वस्तूचा. बेटावर ठरावीक अंतरावर आमिषाच्या जागा नेमलेल्या असत. प्रत्येक जागेपाशी जावे, आमिष ठेवावे, ठरलेला वेळ थांबावे, वाकून निरखावे. दुसऱ्या जातीच्या निरुपद्रवी मुंग्या आल्या असतील तर त्या ओळखाव्यात. वेडी मुंगी आहे का ते पाहावे. नसेल तर वहीत शून्य लिहावे. मग पुढच्या जागी जावे. पुन्हा शून्य. दिवसाच्या अखेरीस वहीची पाने शून्यांनी भरून जात. आठवड्याच्या अखेरीस तेच. महिन्याच्या अखेरीस तेच.

अशा कामात माणसाची खरी परीक्षा होते. कल्पना करावी, की दुपारचे दोन वाजले आहेत. प्रवाळाच्या पांढऱ्या भूमीवरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने डोळे दिपत आहेत. सकाळपासून कितीतरी जागा तपासून झाल्या आणि सर्व ठिकाणी शून्यच आले. आता बेटाच्या अगदी टोकाकडील दहा जागा उरल्या आहेत. काल तेथे शून्य होते, परवाही शून्य होते. आज तेथे न जाता वहीत दहा शून्ये लिहिली, तर कोणाला कळणार आहे? पाहण्यास कोणी अधिकारी नाही. विचारण्यास कोणी नाही. शिवाय तेथे खरोखरच शून्य असण्याचा संभवही पुष्कळ आहे.

परंतु पाहून लिहिलेले शून्य आणि न पाहता लिहिलेले शून्य कागदावर अगदी सारखेच दिसते, हीच या कामातील जोखीम आहे. दोघांमधला भेद फक्त लिहिणाऱ्याला ठाऊक असतो. त्या दहा जागांपैकी एकीपाशी जर एखादी राणी लपून राहिली असेल, तर एका दुपारच्या आळसाने आधीच्या कित्येक तुकड्यांचे श्रम वाया जातील. पुढची तुकडी याच वहीवर विश्वास ठेवून येणार आहे. आणि झुडपाखाली छाती टेकून बसलेला पक्षी तर कोणत्याही वहीशिवायच विश्वास ठेवून बसला आहे. म्हणून पाण्याचा घोट घ्यावा, डोक्यावरची टोपी सारखी करावी आणि टोकापर्यंत चालत जावे. तेथे वाकावे, थांबावे, नीट पाहावे आणि मगच शून्य लिहावे.

हे काम चालू असतानाच ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘वालाका’ नावाचे प्रचंड चक्रीवादळ बेटाच्या रोखाने येऊ लागले. त्या वेळी बेटावर चार माणसे होती. तटरक्षक दलाच्या विमानाने त्यांना वेळेवर उचलून सुरक्षित स्थळी नेले. पक्ष्यांना मात्र कोणी नेऊ शकत नव्हते. या वादळाचे बळ केवढे होते, ते एका गोष्टीवरून कळेल. त्याने पुढे हवाई बेटांच्या वायव्येकडील ‘ईस्ट’ नावाचे एक छोटे वाळूचे बेट जवळजवळ संपूर्ण धुऊन नेले. जॉन्स्टनवरील काम त्यामुळे खंडित झाले. पण सुटले नाही. माणसे पुन्हा तेथे गेली. वादळाने शत्रूचा नाश परस्पर केला असेल, असे मानून ती स्वस्थ बसली नाहीत. जेथे तेथे पुन्हा आमिष ठेवले गेले, पुन्हा थांबणे झाले, पुन्हा शून्ये लिहिली गेली.

शेवटच्या टप्प्यात माणसाच्या डोळ्यांवरही विसंबावयाचे नाही, असे ठरले. वेड्या मुंगीचा वास ओळखण्याचे शिक्षण दिलेले कुत्रे बेटावर आणण्यात आले. त्यांनी नाक भूमीला लावून झुडपे हुंगली, फटी हुंगल्या, जुन्या वारुळांच्या जागा हुंगल्या. त्यांनाही मुंगी सापडली नाही. तेव्हा जून २०२१ मध्ये मत्स्य व वन्यजीव खात्याने जाहीर केले, की जॉन्स्टन बेटावरून पिवळ्या वेड्या मुंगीचे समूळ उच्चाटन झाले आहे.

मोहीम सुरू झाली तेव्हा बेटावर लाल शेपटीच्या ट्रॉपिकबर्डची सुमारे ५००० घरटी होती. ती संपली तेव्हा त्यांची संख्या १५,००० च्या आसपास गेली होती. जेथे शुकशुकाट झाला होता त्या झुडपांखाली पुन्हा कर्कश ओरडणे ऐकू येऊ लागले. ते ओरडणे काही मधुर नसते. पण त्या बेटावर राबलेल्या माणसांना त्याहून गोड संगीत दुसरे कोणते वाटले असेल?

आणि तरीही एक गोष्ट विसरून चालणार नाही. ज्यांनी पहिल्या वर्षी आमिषाची ओझी वाहिली त्यांच्यापैकी बहुतेकांनी तो शेवट डोळ्यांनी पाहिला नाही. त्यांचे सहा महिने मुंग्यांनी व्यापलेल्या भूमीतच गेले. त्यांच्या वाट्याला शून्य आलेच नाही; आली ती मोजता न येण्याइतकी संख्या. मधल्या तुकड्यांच्या वाट्याला आशा आणि निराशा यांचा खेळ आला. अखेरच्या तुकड्यांच्या वाट्याला मुंगी नव्हे, तर मुंगी नसल्याची खात्री करून घेण्याचे काम आले. यांपैकी कोणाचे श्रम मोठे, हे ठरविता येणार नाही. कारण साखळीतील कोणतीही एक कडी तुटली असती तर बाकीच्या कड्या असून नसल्यासारख्या झाल्या असत्या.

थोडा विचार केला म्हणजे असे दिसते, की वेड्या मुंगीला पराभूत करावयाचे तर माणसाला तिचेच गुण अंगी आणावे लागले. मुंगी जशी एकामागून एक त्याच वाटेने जाते, तशा या तुकड्या एकामागून एक त्याच वाटांनी हिंडल्या. मुंगी जसा एकेक कण गोळा करते, तसे त्यांनी एकेक शून्य गोळा केले. भेद इतकाच, की मुंगी आपल्या वारुळासाठी राबते; ही माणसे आपल्या जातीच्याही नसलेल्या जीवांसाठी राबली. शिवाय ज्या उपद्रवाचे मूळ माणसाच्याच जहाजात होते त्याचे परिमार्जनही माणसानेच केले.

जगात काही कामे अशी असतात, की ती चांगली झाली म्हणजे दिसत नाहीत. रात्री गस्त नीट घातली तर चोरी होत नाही. बांध वेळेवर दुरुस्त केला तर पूर गावात शिरत नाही. लस वेळेवर टोचली तर पोलिओसारखे रोग घरात येत नाहीत. न झालेल्या चोरीची, न आलेल्या पुराची, न झालेल्या रोगाची बातमी कोणी छापीत नाही. तेथे यशाचे चिन्ह म्हणून उरते ते एक शून्य. जॉन्स्टन बेटावरील त्या वह्यांची पाने कोणी उघडून पाहिली तर त्याला ती कदाचित कंटाळवाणी वाटतील. ओळीमागून ओळ, पानामागून पान, एकच आकडा. परंतु त्यांतील प्रत्येक शून्याच्या मागे उन्हात चाललेली पावले आहेत, वाकलेली पाठ आहे आणि कोणी पाहत नसतानाही राखलेला प्रामाणिकपणा आहे.

त्या बेटावर झुडपाच्या सावलीत शुभ्र पक्षी आपल्या एकुलत्या अंड्यावर छाती टेकून बसतो. त्याला यांतील काहीच ठाऊक नसते. त्याला ठाऊक असण्याचे कारणही नाही. त्याच्या पंखांवरून आता मुंगी चालत नाही, एवढे त्याला पुरे आहे.